डाव्या बाजूचं वजन

टिपणीस काका माझ्याशी पहिलं वाक्य बोलले ते असं होतं, "तुझं वजन किती?"

मी खिडकीशी मशीनवर बसले होते. तोंडात दोन टाचण्या होत्या. आमची खोली तळमजल्यावर आणि खिडकीच्या समोरच त्यांच्या बिल्डिंगमधली गाड्या लावायची जागा, त्यामुळे मी त्यांना रोज बघत असे, पण बोलणं कधी झालं नव्हतं. पासष्टीचे गृहस्थ, पांढरा झब्बा, काळी फ्रेम, खिडकीचा गज धरून एका परक्या बाईला वजन विचारताहेत. मी मुळात घाबरट. अनोळखी माणसाने किती वाजले विचारलं तरी माझं तोंड सुकतं. मी टाचण्या काढल्या आणि खरं काय ते सांगून टाकलं. अठ्ठेचाळीस.

"अठ्ठेचाळीस." त्यांनी आभाळाकडे बघून काहीतरी जुळवलं. "चार कमी पडतायत. असू दे, चार आपण वरून घालू. रविवारी सकाळी सातला मोकळी असतेस का?"

मी मान हलवली. नाही म्हणायचं होतं, पण मान हो अशी हलली. माझं बऱ्याच वेळा असं होतं.

आमच्या वर्तकनगरात काकांची जुनी गाडी माहीत नाही असं माणूस सापडायचं नाही. कच्च्या पिस्त्याचा रंग, गोल दिवे, गिअरचा दांडा स्टिअरिंगलाच लावलेला, आणि पुढच्या दारांना छोट्या तिकोनी काचा. त्या काचा उघडल्या की वारा बरोबर गालावर येतो. काकांच्या वडिलांनी ती घेतली तेव्हा काका कॉलेजात होते. काका तिला गाडी म्हणत नाहीत, नुसतं 'ती' म्हणतात. जिन्यात कोणी विचारलं, काय काका, कशी काय तब्येत, तर सांगतात, "आज दुसऱ्या सेल्फला उठली. रात्री गारठा होता ना." नव्या माणसाला वाटतं काकूंबद्दल चाललंय.

गाडी पुसायला वडिलांची धोतरं. दुसरं कापड ओरखडे पाडतं, असं त्यांचं म्हणणं. ती धोतरं विरून संपली तेव्हा काकांनी ठाण्याच्या बाजारातून नवीन धोतरजोडी आणली. पण नवं धोतर कडक असतं. म्हणून ते स्वतः दोन महिने घरात धोतर नेसून वावरले. काकू दार उघडताना आधी म्हणायच्या, "आत या, घाबरू नका, कोणाची पूजा नाहीये, गाडीचं फडकं मऊ होतंय."

दार आपटलेलं त्यांना चालत नाही. पहिल्या रविवारी मी रिक्षात बसावं तशी आत शिरले आणि दार ओढून घेतलं, तर त्यांनी डोळे मिटून घेतले, जसं काही त्यांचंच बोट सापडलं. "दार लावायचं नाही," ते म्हणाले. "मिटवायचं. आधी टेकवायचं, मग तळव्याने दाबायचं." मला त्यांनी चार वेळा ते करायला लावलं. चौथ्यांदा आवाज आला तो डब्याचं झाकण बसल्यासारखा, मऊ. मग ते खूश झाले.

तर वजनाची भानगड अशी होती. काका चालवणार, म्हणजे ते उजवीकडे. काकू गाडीत बसत नाहीत. पेट्रोलच्या वासाने त्यांना मळमळतं, शिवाय मी चालत गेले तर आधी पोचते असंही त्या म्हणतात. त्यामुळे उजवी बाजू दबायची आणि डावी वर राहायची. मागच्या चाकांवर लोखंडी पट्ट्यांचे पाटे असतात, गाडीचं मागचं अंग त्यांच्यावर तोललेलं असतं. एक पाटा सतत दबतोय आणि दुसऱ्याला काही कामच नाही, असं झालं की गाडी हळूहळू कलते. "माणूस वर्षानुवर्षं एकाच कुशीवर झोपलं तर त्याचं काय होतं?" त्यांनी मला विचारलं. मी एकाच कुशीवर झोपते.

"मागची डावी जागा बावन्न किलोची आहे," ते म्हणाले. "त्या पाट्याला तेवढ्याचीच सवय."

बावन्न किलो कोणाचे, ते त्यांनी सांगितलं नाही.

मी बसले की ते उतरून मागच्या चाकापाशी यायचे आणि चाक आणि त्याच्यावरचा पत्रा यांच्या मधल्या फटीत उजव्या हाताची चार बोटं आडवी घालायचे. उजवीकडे चार बोटं, डावीकडे चार बोटं, की गाडी सरळ. कोणी म्हणालं, काका, सरळच तर दिसतेय, तर ठरलेलं उत्तर यायचं. "डोळा फसतो. बोट फसत नाही."

माझ्यात कमी पडणाऱ्या चार किलोंसाठी त्यांनी मला जाड मांजरपाटाची पिशवी शिवायला सांगितली, आत रेती भरायची. माझ्याकडे काहीही शिवायला आलं की मी आधी त्याला नावाची चिठ्ठी लावते. कापडाची पट्टी घेते आणि दोऱ्याने नाव घालते, पेनाचं धुण्यात जातं. पिशवी असली तरी पद्धत ती पद्धत. मी विचारलं, काका, नाव काय घालू? टिपणीस म्हणतील असं मला वाटलं होतं.

"कुंदा घाल," ते म्हणाले.

मी लाल दोऱ्याने 'कुंदा' घातलं. माझं अक्षर चौथीत होतं तसंच राहिलंय, मोठं मोठं, लांबून वाचता येईल असं.

त्यानंतर दर रविवारी सकाळी मी ती पिशवी मांडीवर घेऊन गाडीत बसायला लागले. आम्ही उपवन तलावापर्यंत जायचो, एक फेरी मारायचो आणि परत. माझ्या घरी आधी हसले. नवरा म्हणाला, लोक गाडी चालवायला ड्रायव्हर ठेवतात, यांनी बसायला बाई ठेवलीये. नंतर त्यालाही सवय झाली.

खरं सांगायचं तर त्या फेरीची मी शनिवारपासून वाट बघायची. काका काटा चाळीसच्या वर जाऊ देत नाहीत आणि तलावाच्या रस्त्याला तर वीसच्याही खाली. फिरायला आलेली माणसं आमच्या पुढे निघून जायची आणि जाता जाता हात करायची. गाडीच्या आत रेक्झिनचा, पेट्रोलचा आणि कुठल्यातरी जुन्या उदबत्तीचा वास. झाडांच्या सावल्या काचेवरून, मग माझ्या हातांवरून, मग पिशवीवरून सरकत जायच्या. पाण्यावर धुकं असलं की येऊरचे डोंगर नुसते पुसट निळे. इंजिन असं घुमायचं की मला आईच्या पाठीला कान लावून झोपल्यासारखं वाटायचं. कोणी काही बोलत नसे. न बोलता कोणाबरोबर बसायला मिळणं ही किती मोठी गोष्ट आहे, हे ज्यांना बोलता येतं त्यांना नाही कळायचं.

कधी डोळा लागायचा आणि अर्धवट झोपेत वाटायचं की मी नाहीच तिथे. दोन वेण्यांची एक मुलगी बसलीये, तिकोनी काचेतून येणारा वारा तोंडावर घेते आहे, आणि पुढे तिचे वडील गाडी चालवताहेत.

एक वर्ष झालं आणि भाद्रपदात काका पिशवी घेऊन खिडकीशी आले. "आपलं चुकतंय," म्हणाले. "बावन्न हे तेव्हाचं. ती काय तेवढीच राहिली असेल? साठीची झाली. या वयात माणूस जरा सुटतं. ही उसव आणि अर्धा किलो वाढव."

मी उसवली, वाढवली, शिवली. पुढच्या भाद्रपदात परत अर्धा किलो. असं दर वर्षी.

मला विचारायचा धीर झाला नाही. काकू ब्लाऊज घेऊन आल्या तेव्हा त्यांनी आपणहून सांगितलं. कुंदाताई म्हणजे काकांची धाकटी बहीण. लहानपणापासून मागची डावी जागा तिची. शाळेत शिक्षिका होत्या, आता डोंबिवलीला राहतात, यजमान गेले, मुलगा बंगलोरला.

फार वर्षांपूर्वी वागळे इस्टेटमधल्या एका गॅरेजमध्ये गाडीचं इंजिन पूर्ण खोलून नवं केलं होतं. नव्या कामाचं इंजिन सुरुवातीला दमाने चालवायचं असतं, त्याला रनिंग-इन म्हणतात. वडील करड्या शिस्तीचे. त्यांनी काकांना बजावलं, पहिले हजार किलोमीटर काटा चाळीसच्या वर जाता कामा नये. नंतर आठवड्याभराने ते कल्याणला भावाकडे गेले आणि तिथे त्यांच्या छातीत दुखायला लागलं. ठाण्याला फोन आला. कुंदाताई तेव्हा माहेरी आलेल्या. बहीणभाऊ गाडीतून निघाले आणि काका सबंध रस्ता चाळीसने गेले. मागून कुंदाताई म्हणत होत्या, दादा, घे ना जरा जोरात. काका म्हणत होते, पोचल्या पोचल्या बाबा पहिलं तेच विचारतील.

ते पोचले तेव्हा वडिलांना जाऊन वीस मिनिटं झाली होती.

"भांडल्या नाहीत हो," काकू म्हणाल्या. "एक शब्द नाही. उतरल्या, दार मिटवलं, आणि त्यानंतर गाडीत बसल्या नाहीत. बाकी सगळं आहे. येणं-जाणं आहे, फोन आहे. फक्त गाडीत बसणं नाही."

मग मला दर वर्षी घडणाऱ्या एका गोष्टीचा उलगडा झाला. पितृपक्षात वडिलांच्या तिथीला कुंदाताई डोंबिवलीहून रिक्षाने येत, जेवत आणि रिक्षानेच परत जात. त्या निघाल्या की काका घाईघाईने मला बोलवत. मी डावीकडे, पिशवी मांडीवर, आणि आमची गाडी त्यांच्या रिक्षाच्या मागे थेट डोंबिवलीपर्यंत. रिक्षा थांबली की आम्ही थांबणार. त्या उतरून जिन्यात दिसेनाशा झाल्या की काका गाडी वळवणार. एकदा म्हणे रिक्षावाल्याने आरशात बघून विचारलं, ताई, मागची गाडी तुमच्या ओळखीची आहे का? कुंदाताई म्हणाल्या, असेल.

काका तिथीच्या दिवशी बहिणीकडे बघतसुद्धा नाहीत. वाढताना ताटाकडे बघतात, बोलताना भिंतीवरच्या फोटोकडे. काकू म्हणायच्या, "अहो, पिशवी कसली वाढवताय? बघा तरी एकदा तिच्याकडे. किती उतरलीये. एकट्या माणसाचं जेवण ते काय, सकाळची भाजी रात्री."

"साडीत कळत नाही," काका म्हणायचे. "डोळा फसतो."

"मग बोट लावायला आधी ती गाडीत बसायला नको का?"

यावर काका धोतराचं फडकं घेऊन खाली जायचे.

गेल्या वर्षीची तिथी. पिशवी आठ किलोची झाली होती, मांडीला रग लागायची. जेवणं आटोपली, कुंदाताई फाटकाशी जाऊन उभ्या राहिल्या. त्या दिवशी सगळीकडे गॅसच्या पंपांवर रांगा होत्या, त्यामुळे लांबचं भाडं घ्यायला कोणी रिक्षावाला तयार नव्हता. एक थांबला, डोंबिवली ऐकून गेला. दुसरा न थांबताच गेला.

आम्ही मागे तयार. इंजिन चालू, मी जागेवर, पिशवी मांडीवर, काकांचे दोन्ही हात स्टिअरिंगवर. आणि मागे जायला रिक्षाच नाही. पाच हातांवर कुंदाताईंची पाठ, पांढरा अंबाडा, खांद्याला कापडी पिशवी. काकांना हॉर्न वाजवता येईना, पुढे जाता येईना, इंजिन बंद करवेना. वीस मिनिटं आम्ही तिघं तशीच होतो. वर गॅलरीत काकू उभ्या होत्या, त्यांनी कपाळाला हात लावला.

शेवटी कुंदाताई वळल्या. गाडीपाशी आल्या, पण काकांच्या बाजूला नाही, माझ्या बाजूला. वाकून माझ्याकडे बघितलं.

"तू कोण गं? दर वर्षी मागे बसलेली असतेस."

मी म्हटलं, सुमन. त्यांचं लक्ष माझ्या मांडीवर गेलं. लाल दोऱ्यातलं माझं मोठं अक्षर.

"आणि हे काय आहे?"

"तुम्ही," माझ्या तोंडून निघालं.

आता माघार घेता येत नव्हती. मग मी बोलले. आयुष्यात परक्या माणसासमोर एवढं कधी बोलले नसेन. बावन्न किलोचं सांगितलं, पाट्याचं सांगितलं, दर भाद्रपदात अर्धा किलो वाढतो ते सांगितलं, नऊ वर्षांत आठ वेळा उसवून आठ वेळा शिवली ते सांगितलं. मध्येच टाके कसे घातलेत तेही सांगितलं, त्याची काही गरज नव्हती. काका समोरच्या काचेतून सरळ बघत होते, जसं काही गाडी चालू आहे आणि रस्त्यावर नजर हवी.

कुंदाताईंनी खिडकीतून हात घालून पिशवी उचलायला बघितली. दोन्ही हात लावावे लागले.

"एवढी जड केलीस मला, दादा?"

काका म्हणाले, "वयाच्या मानाने."

त्यांनी पिशवी परत माझ्या मांडीवर ठेवली. मग मला म्हणाल्या, "उतर बाई. माझ्या जागेवर मी बसते."

मी उतरले. त्या बसल्या. साडीचा काठ आत घेतला, दार आधी टेकवलं आणि मग तळव्याने दाबलं. डब्याचं झाकण बसल्यासारखा मऊ आवाज आला. तो आवाज काढायला मला चार वेळा शिकावं लागलं होतं.

काका उतरले. मला वाटलं, काहीतरी बोलतील. पण ते सवयीने मागच्या चाकापाशी गेले, वाकले, फटीत चार बोटं घातली. मग तिथेच थांबले. बोटं काढून पुन्हा घातली. चार बोटांच्या वर जागा उरत होती. त्यांनी हळूच करंगळीच्या खाली दुसऱ्या हाताची करंगळी सरकवली. ती सहज गेली.

मी पिशवी पोटाशी धरून उभी होते. ते उठले तेव्हा त्यांनी पहिल्यांदा काचेतून बहिणीकडे बघितलं, नीट, मान वर करून. गळ्याची हाडं, सैल झालेल्या बांगड्या, सगळं. मग मला म्हणाले, "सुमन, तू पुढे बस. पिशवी डिकीत टाक."

आम्ही निघालो. ऊन उतरायला लागलं होतं. मुंब्र्याच्या डोंगरावर भाद्रपदातली हिरवळ अजून ताजी होती. पुढच्या सीटवर मी पहिल्यांदाच बसले होते, काटा तिथून नीट दिसत होता. चाळीस. मागून ट्रक हॉर्न देत होते, बाजूने निघून जात होते. तिकोनी काचेतून वारा येत होता. शिळफाटा मागे पडला.

मग मागून आवाज आला, अगदी साधा, भाजी काय केली विचारावं तसा. "दादा, बाबांनी सांगितलेलं ते रनिंग-इन झालं का रे?"

काका म्हणाले, "झालं."

"कधी?"

"झालं गं. कधीच झालं."

"मग घे की जरा."

काटा हलला. पंचेचाळीस. पन्नास. त्या बाजूचे आकडे मी कधी काट्याखाली बघितले नव्हते, ते कसे नवेकोरे दिसत होते. पंचावन्नला गाडीने आवाज बदलला, घुमण्याच्या आत आणखी एक बारीक सूर लागला. दोन्ही बाजूंची गवतं मागे जायला लागली. मी आरशात बघितलं. कुंदाताईंनी डोळे मिटले होते आणि वाऱ्याने अंबाड्यातून सुटलेले केस तोंडावर येत होते. त्या ते बाजूला करत नव्हत्या.

दुसऱ्या दिवशी काका पिशवी घेऊन खिडकीशी आले. "काढ यातली," म्हणाले.

मी शिवण उसवली आणि ओंजळीने रेती काढायला लागले. विचारलं, किती? ते म्हणाले, अजून. मी आणखी काढली. अजून, ते म्हणाले. रेती जुन्या पेपरवर पडत होती. ते पिशवीकडे बघत होते, चष्मा हातात घेऊन.

"अजून."

"काका, संपली."

त्यांनी रिकामी पिशवी हातात घेतली. चिठ्ठीवरून अंगठा फिरवला. "रिकामी केली तरी तूच तिच्यापेक्षा जड पडतेस," म्हणाले. मग पिशवीची चौकोनी घडी घालून खिशात ठेवली आणि निघून गेले. मला वाटलं, माझं काम संपलं. मला फार वाईट वाटलं, रविवारी कुठे जायचं असं झालं.

पण रविवारी सकाळी सातला गाडी खिडकीसमोर उभी. मागच्या सीटवर स्टीलचा पाच पुड्यांचा डबा. काकूंनी पहाटे उठून वालाचं बिरडं केलं होतं, सोड्यांची खिचडी केली होती, खालच्या पुड्यात गोडाचं निनावं होतं. "उपवन नको," काका म्हणाले. "डोंबिवली. आणि डबा तिथे ठेवून यायचं नाही. ती जेवेपर्यंत बसायचं."

तेव्हापासून आम्ही दर रविवारी डोंबिवलीला जातो. जाताना मी मागे डावीकडे बसते, डबा मांडीवर. तिथे पोचलो की कुंदाताई जेवतात, आम्ही बघतो. त्या म्हणतात, अरे, असे बघत काय बसता. काका म्हणतात, जेव तू. मग त्यांना गाडीतून एक चक्कर. त्या बसल्या की काका वाकून फटीत बोटं घालतात, आधी चार, मग करंगळी. उठताना चेहऱ्यावर काही दाखवत नाहीत.

पावसाळ्यात करंगळी सहज जायची. दिवाळीनंतरही जायची. मी दर वेळी काकांच्या तोंडाकडे बघायची.

गेल्या रविवारी ते वाकले आणि उठलेच नाहीत. मी काच खाली करून विचारलं, काका, काय झालं?

"काही नाही," ते चाकापाशीच उकिडवे बसून म्हणाले. "करंगळी अडतेय जरा."